गळ टाकण्यापूर्वी

नदीकाठी गळ टाकून बसलेला मनुष्य दुरून पाहणाऱ्याला आळशी वाटतो. हातात एक काठी, काठीला दोरा, दोऱ्याच्या टोकाशी पाण्यात बुडालेले काहीतरी. आणि घटका गेल्या, प्रहर गेला, तरी त्याची बैठक मोडत नाही. वाटसरू क्षणभर थांबतो, मनाशी हसतो आणि पुढे जातो. परंतु त्या स्वस्थ बसण्यामागे केवढी खटपट असते, याची त्याला कल्पना नसते. चांगला गळकरी काठावर येऊन बसतो, तेव्हा त्याचे बहुतेक काम आटोपलेले असते. ते त्याने आधीच्या आठ-पंधरा दिवसांत केलेले असते: काही घरी, काही कचेरीत, काही ग्रामसभेत आणि काही तलावाच्या बांधावर. गळ टाकणे ही क्षणाची गोष्ट आहे; गळ टाकण्यास पात्र होणे ही मात्र सवडीने आणि विचाराने करावयाची गोष्ट आहे.

ही गोष्ट समजून घेण्यास मुलचेऱ्याइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल. मुलचेरा हे गाव महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्याच्या अरण्यप्रदेशात वसले आहे. पूर्वी हा सारा मुलूख चांदा म्हणजेच चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. साग, मोह, तेंदू आणि बांबू यांनी हा प्रदेश झाकून टाकला आहे, आणि या झाडीच्या कुशीत पाण्यालाही तोटा नाही. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या चपराळ्याजवळ एकमेकींना भेटतात. तेथून पुढे त्यांना प्राणहिता हे नाव मिळते आणि ती प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत विलीन होते. दिना नदी याच मुलुखातून वाहत प्राणहितेकडे जाते. तिच्यावर रेगडी येथे बांध घालून जो जलाशय झाला, त्याला कन्नमवार जलाशय म्हणतात. याशिवाय चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी जुने तलाव आहेत. मालगुजारांच्या काळात ते बांधले गेले. १९५१ साली मालगुजारी संपली; तलाव मात्र राहिले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना प्रेमाने ‘मामा तलाव’ म्हणू लागले.

जेथे पाणी तेथे मासे, आणि जेथे मासे तेथे त्यांना पकडणारे हात. ढिवर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर पोट भरत आले आहेत. जाळे गरकन फिरवून पाण्यावर असे फेकावयाचे की ते चक्राप्रमाणे उघडून पडावे, ही त्यांची कला पाहत राहावी अशी आहे. जंगलातील गोंड आणि माडिया लोक बांबूच्या कामट्यांचे सापळे विणतात आणि ओढ्याच्या वाहत्या धारेत लावून ठेवतात. साठाव्या वर्षानंतरच्या दशकात, म्हणजे १९६० नंतर, पूर्व बंगालातून निर्वासित झालेली पुष्कळ कुटुंबे मुलचेरा आणि चामोर्शी या भागांत येऊन वसली. नद्या-खाड्यांच्या देशातून आलेल्या या लोकांनी आपल्याबरोबर माशांची आवड आणली, तसाच गळाचा शब्दसंग्रहही आणला. काठीला ते ‘छिप’ म्हणतात, गळाला ‘बोंडशी’, गळावर लावलेल्या आमिषाला ‘टोप’. आणि मासे एका जागी जमावेत म्हणून आधी पाण्यात टाकावयाच्या सुवासिक खाद्याला ‘चार’.

या सर्वांहून निराळा असा आणखी एक मनुष्य आहे. तो म्हणजे हौशी गळकरी. त्याचे पोट माशावर अवलंबून नसते. तो शिक्षक असेल, दुकानदार असेल, कचेरीतील कारकून असेल किंवा सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर आलेला शाळकरी मुलगा असेल. त्याला हवी असते ती निवांत सकाळ, पाण्यावरचा गार वारा आणि दोऱ्याला बसणारा तो एक अनपेक्षित हिसका. ही हौस निर्मळ आहे, यात शंका नाही. तथापि एकाची हौस दुसऱ्याच्या उपजीविकेच्या पाण्यावर येऊन बसते, तेव्हा एक प्रश्न उभा राहतो. हे पाणी कोणाचे? आणि यातील मासा कोणाचा?

मुलचेऱ्याच्या परिसरात या प्रश्नाला एकच उत्तर नाही. प्रत्येक पाण्याचे उत्तर वेगळे आहे. १९८६ साली घोषित झालेले चपराळा अभयारण्य सुमारे १३५ चौरस किलोमीटरांचे आहे. अभयारण्य म्हणजे जेथे प्राण्यांना अभय दिलेले आहे असे अरण्य. हे अभय हरणाला आहे तसे माशालाही आहे. हौसेखातर गळ टाकण्यास तेथे वाव नाही. मोठ्या जलाशयातील मासेमारीचा हक्क शासन ठरावीक मुदतीसाठी ठेक्याने देते. म्हणून तेथे जाण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी केली पाहिजे. गावच्या तलावातील हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. तेथे संस्थेची लेखी परवानगी हवी. जंगलातील ओढे, नाले आणि डोह यांची गोष्ट आणखी निराळी. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला आणि वनात राहणाऱ्या लोकांचा तेथील मासे व इतर जलोत्पन्न यांवरील सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गावाला २००९ साली आपल्या वनावरील सामूहिक हक्क मिळाला, आणि त्यामागून जिल्ह्यातील अनेक गावांना तो मिळाला. जेथे असा हक्क आहे, तेथे परवानगी मागावयाची ती ग्रामसभेकडे. चिंचेच्या झाडाखाली जमलेली ती साधी माणसे हीच त्या पाण्याची कचेरी होय.

परवानगी कशाला हवी, हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा तलावाचा बांध अधिक स्पष्ट सांगतो. एखादा उत्साही मुलगा नवी काठी खांद्यावर टाकून तलावाकडे निघतो. बांधावर एक वृद्ध ढिवर फाटलेले जाळे सांधीत बसलेला असतो. तो मुलाला हटकतो.

“कोणाला विचारलं, बाबू?”

“विचारायचं काय, काका? तलाव तर सरकारचा आहे!”

“तलाव सरकारचा, पण त्यातला मासा सोसायटीचा,” वृद्ध शांतपणे म्हणतो. “पावसाळ्यात आम्ही बोटुकली आणून सोडली. बोटाएवढी पिल्लं होती ती. त्यासाठी साऱ्यांनी वर्गणी काढली. काहींनी तर पैसे उसने आणले. तेव्हापासून रात्री पाळीनं राखण करतो. बगळा नेतो, पाणकावळा नेतो. त्यांना आम्ही काय म्हणावं? त्यांचं पोट आहे ते. तुझं पोट तर घरी भरलं आहे.”

मुलाची मान खाली जाते. “मग मी गळ टाकूच नये का?”

“टाक ना! पण विचारून टाक. रविवारी सोसायटीची बैठक आहे, तिथं ये. या कोपऱ्यात बस म्हणतील, एखादा मासा घरी ने म्हणतील. विचारून नेलेला मासा म्हणजे पाहुणचार, बाबू. न विचारता नेलेला...” वृद्ध वाक्य पुरे करीत नाही, तो जाळ्याची गाठ ओढून घट्ट करतो.

या चार वाक्यांत परवान्याचे सारे मर्म आले. परवाना म्हणजे केवळ शिक्का मारलेला कागद नव्हे. या पाण्यावर आपल्याआधी दुसऱ्या कोणाचा तरी हक्क आहे, कोणाचे तरी श्रम त्यात बुडालेले आहेत, याची ती लेखी कबुली आहे.

जगातील अन्य देशांतही हौशी गळकऱ्याला हेच शिकावे लागले आहे. इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टन या लेखकाने १६५३ साली गळाच्या छंदावर एक पुस्तक लिहिले. साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ते वाचले जाते. ज्या देशात हा छंद एवढा रुजला आहे, त्याच देशात आज १३ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परवान्यावाचून गोड्या पाण्यात गळ टाकता येत नाही. १३ ते १६ वर्षांच्या मुलांना तो परवाना विनामूल्य मिळतो. पण घ्यावा मात्र लागतो. इतकेच नव्हे, तर परवाना खिशात असला तरी पाण्याच्या मालकाची संमती वेगळी मिळवावी लागते. बंगालमध्ये हौशी मंडळी तलावाच्या मालकाकडून दिवसाचे तिकीट घेतात आणि मगच काठी उघडतात. आपल्या मुंबईत पवईचा तलाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला. त्याच्या काठावर महाराष्ट्रातील हौशी गळकऱ्यांची संघटना आहे आणि तिचे सभासद नियम पाळून तेथे आपला छंद जोपासतात.

नियम नसले म्हणजे काय होते, हेही इतिहासाने दाखविले आहे. एकोणिसाव्या शतकात सुरुंगाची दारू नद्यांच्या डोहांत टाकून मासे मारण्याचा सपाटा सुरू झाला. एका स्फोटात डोहातील लहानमोठे सारे जीव मरत. मनुष्य त्यांतील चार वेचून घेई आणि बाकीचे कुजत. कोणी पाण्यात विष कालवीत. अखेर १८९७ साली सरकारने मासेमारीचा कायदा केला आणि स्फोटके व विष वापरून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच १९६० सालचा मत्स्यव्यवसायाचा स्वतंत्र कायदा राज्यानेही केला. बलवानाने दुर्बळाला गिळावे, याला आपल्याकडे ‘मत्स्यन्याय’ म्हणतात. मोठा मासा लहान माशाला खातो, हा पाण्यातला न्याय असेल. काठावर बसणाऱ्या माणसाने तरी तो पाळू नये, म्हणून कायदा असतो.

परवानगीचा कागद हाती आला, म्हणजे साहित्याची तयारी सुरू होते. दुकानात तंतूंच्या हलक्या काठ्या आणि चकाकणारी रिळे मिळतात. परंतु नवशिक्याला बांबूची साधी काठी पुरेशी होते. या जंगलात भरीव बांबू मिळतो, त्याला मानवेल म्हणतात. तो वाकतो, पण सहजासहजी मोडत नाही. काठी सावलीत सुकवावी आणि वाकडी असेल तेथे मंद जाळावर शेकून सरळ करावी. दोरा माशाच्या वजनाला पुरेसा हवा. त्याला पाण्याने भरलेला तांब्या बांधून उचलून पाहिला, म्हणजे परीक्षा होते. दोऱ्यावर मध्ये एक तरंगणारा हलका तुकडा बांधतात. बोरूच्या कांडीचाही तो करता येतो. मासा आमिषाला तोंड लावतो, तेव्हा हा तुकडा पाण्यावर नाचू लागतो. जणू खालचा निरोप वर आणणारा तो जासूद होय. त्याखाली आमिष बुडावे म्हणून शिशाचा लहानसा मणी असतो. शिसे विषारी असते. म्हणून तो मणी दातांनी दाबू नये आणि काठावर टाकून येऊ नये. आमिषासाठी ओल्या मातीतील गांडूळ किंवा कणकेचा घट्ट गोळा चालतो.

गळाच्या टोकाजवळ एक उलटा काटा असतो. त्यामुळे एकदा रुतलेला गळ सहज निघत नाही. ज्याला लहान मासे सुखरूप सोडून द्यावयाचे असतात, तो हा उलटा काटा पकडीने दाबून बसवून टाकतो. मासा निसटण्याची शक्यता वाढते, हे खरे. पण माशाची जखम लहान राहते. कौशल्य कमी असलेला मनुष्य काट्यावर विसंबतो. कौशल्य असलेला आपल्या हातावर.

साहित्याइतकीच शरीराची तयारीही महत्त्वाची. पोहता येत नसेल त्याने आधी पोहणे शिकावे, आणि पोहता येत असले तरी एकट्याने पाण्यावर जाऊ नये. मुलांबरोबर जाणते माणूस हवेच. शेवाळलेल्या दगडावर पाय टाकू नये. वरून विजेची तार गेली असेल तेथे काठी उंच करू नये. आभाळ गडगडू लागले की दोरा गुंडाळावा. पण एकट्या झाडाच्या आडोशाला उभे राहू नये. या भागात डासांपासून हिवतापाचे भय असते. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. पिण्याचे पाणी, डोक्याला टोपी किंवा पंचा आणि जखमेवर बांधावयास स्वच्छ पट्टी एवढे बरोबर असले, म्हणजे पिशवी भरली.

आता उरते ती सर्वांत अवघड तयारी: माशाची ओळख. उन्हाळ्यात दुपारी पाणी तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून मासे खोल जातात. पहाट आणि संध्याकाळ या वेळा त्यामुळे गळाला अनुकूल. मरळ हा या तलावांतील मोठा चिवट मासा. त्याला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो. तो मधूनमधून पृष्ठभागावर येतो आणि बुडबुडा सोडून जातो. जाणत्या गळकऱ्याला तेवढी खूण पुरते. परंतु याच मरळीची दुसरी एक सवय आहे. तिची अंडी आणि पिल्ले पाण्यावर थव्याने असतात, तेव्हा आईबाप त्यांच्याखाली राहून पहारा करतात. पिल्लांजवळ जे येईल त्यावर ती झडप घालतात, गळावरही घालतात. त्या वेळी मरळ पकडणे अगदी सोपे. पण तो एक मासा काठावर आला की पाण्यातील पिल्लांच्या थव्याला राखणदार उरत नाही.

रोहू, कटला आणि मृगळ यांची तऱ्हा वेगळी. तलावाच्या स्थिर पाण्यात ते वाढतात, पण तेथे सहसा अंडी घालत नाहीत. त्यासाठी त्यांना पावसाळ्यातील नदीचा लोंढा लागतो. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नद्यांतूनच गोळा करून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. त्या शोधामुळे आज गावच्या तलावात सोडण्यास बोटुकली मिळते. तथापि नदीच्या माशांना अजूनही नदीच्या पुरावरच अवलंबून राहावे लागते. शेजारच्या मध्य प्रदेशात म्हणूनच १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यांतील मासेमारी बंद ठेवतात. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून हा विश्रांतीचा काळ असतो. ऋतू निराळे, कारण एकच.

गळाला लहान मासा लागला तर तो सोडून द्यावा. सोडतानाही रीत आहे. आधी स्वतःचे हात पाण्यात भिजवावेत. कारण माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत असते आणि कोरड्या हाताने ते पुसले जाते. मग गळ हलकेच काढून मासा पाण्यात धरावा आणि तो स्वतः शेपटी हलवून जाईपर्यंत थांबावे. मनूच्या ओंजळीत आलेल्या चिमुकल्या माशाची कथा शतपथ ब्राह्मणात आहे. मोठे मासे मला खातील, माझे रक्षण कर, अशी त्याने विनवणी केली आणि मनूने त्याला वाढविले. पुढे त्याच माशाने प्रलयात मनूची नौका तारली. ओंजळीतील मासा पाण्यात परत सोडणारा प्रत्येक मुलगा नकळत त्या जुन्या कथेत एक पाऊल टाकतो. उठताना त्याने तुटलेला दोरा मात्र वेचून घ्यावा. नायलॉनचा तो दोरा वर्षानुवर्षे कुजत नाही. बगळ्याच्या किंवा टिटवीच्या पायात तो अडकला, तर त्या पक्ष्याचा घात होतो.

मृगाचा पाऊस पडतो, ओढे तांबडे होऊन धावू लागतात आणि तलावांचे सांडवे वाहू लागतात. त्या वेळी अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. पोट अंड्यांनी जड झालेले, पाणी घोटाभर, वाट अरुंद. त्या दिवशी त्यांना पकडण्यास गळ लागत नाही, कौशल्य लागत नाही. टोपली असली की झाले. रात्रीच्या अंधारात सांडव्यावर कोणी अधिकारी नसतो, कोणी परवाना विचारीत नाही. गळकऱ्याची खरी परीक्षा कचेरीच्या दारात होत नाही. ती येथे होते. ज्याची तयारी पुरी झाली आहे, त्याची काठी त्या दिवसांत घरी खुंटीवर असते. तो रिकाम्या हातांनी ओढ्यावर येतो. एखादा मासा खडकावरून उसळी घेतो, मागे पडतो, पुन्हा उसळतो आणि अखेर वरच्या पाण्यात दिसेनासा होतो. गळकरी ते डोळे भरून पाहतो आणि पावसात भिजत घरी जातो.